बंदे, तडी!

गौरम्माच्या घरात काय नव्हतं? शेवयांचं यंत्र होतं, दोन बंद पडलेले मिक्सर होते, वारलेल्या नवऱ्याच्या काठ्या होत्या, कडक भाकरीचे पत्र्याचे डबे तर माळ्यापर्यंत चढले होते. कुलूप मात्र नव्हतं. पूर्वी एक होतं, पितळी, चांगलं दणकट. ते तिने दीड वर्षापूर्वी भंगारवाल्याच्या हातात दिलं आणि त्याने काही विचारायच्या आत दार ओढून घेतलं. जुळे सोलापुरातल्या त्या रो-हाऊसला तेव्हापासून बाहेरून कुलूप लागलं नव्हतं, कारण घरात कायम कुणीतरी असायचं. कुणीतरी म्हणजे दोघींतली एक. एक तर गौरम्मा, नाहीतर तिची सून उर्वी.

आता सोलापुरात घरी कुणीतरी थांबावं लागतं यात नवल काही नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते नेमकं कधी येईल हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नसावं. पण बाकीच्यांच्या घरी टाक्या भरल्या की माणसं सुटतात. या घरात सुटका नव्हती. इथे वाट बघायची होती ती पाण्यात गेलेल्या माणसाची.

महेश्वर हा गौरम्माचा एकुलता एक मुलगा. तो विमान चालवायचा, पण मोठं नव्हे. लग्नात उर्वीच्या मावशीने मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "जावईबापू, एकदा आम्हाला सिंगापूर दाखवा." तर हा म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळ्या बहिणी बसलात तर मला उतरावं लागेल." त्याची विमानं तेवढीच असायची, चार माणसांची, जीप आकाशात गेल्यासारखी. लोकांनी इकडे विकत घेतलेली जुनी विमानं तिकडे नेऊन पोचवायची, हे त्याचं काम. बरं, एकट्याने. उर्वीला या कामाची पहिल्यापासून धास्ती होती, पण तो इतका खुशीत असायचा की तिचं बोलणं घशातच राहायचं.

त्या खेपेला मलेशियातून एक विमान चेन्नईला आणायचं होतं. पोर्ट ब्लेअरपर्यंत तो आला. तिथून फोन केला, "परवा घरी पोचतो, अव्वाला शेंगाची चटणी जरा जास्त कुटायला सांग." आईला तो कानडीत अव्वा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तो समुद्रावर निघाला आणि चेन्नईला पोचलाच नाही. तटरक्षक दलाची विमानं फिरली, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना सांगून झालं, कोळ्यांच्या होड्यांना विचारून झालं. पंख नाही, चाक नाही, सीटची गादीसुद्धा नाही. एवढा मोठा समुद्र, पण एवढीशी वस्तू त्याने परत दिली नाही.

मिळाला तो फक्त आवाज. चेन्नईच्या कंट्रोलने त्याचं शेवटचं बोलणं टिपून ठेवलं होतं. चौकशीच्या साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला आणि आवाज ओळखायला सांगितला. सासू-सुना सोफ्यावर खेटून बसल्या. आधी महेश्वरचं इंग्रजी ऐकू आलं, शांत, कामाचं. इंजिनाची ताकद कमी होतेय, उंची कमी होतेय, आपण अमुक ठिकाणी आहोत. मग खरखर. मग कंट्रोलवरचा माणूस विमानाला हाक मारत राहिला. त्याच्या नावाने नव्हे, विमानाच्या अक्षरांनी, पुन्हा पुन्हा, दारात उभं राहून पोराला बोलवावं तशी. आणि अगदी शेवटी त्या खरखरीतून एकच शब्द आला. "बंद..." त्याच्या पुढे काहीतरी होतं. ते अक्षर होतं की नुसता आवाज, देव जाणे.

"हा कुठला शब्द?" साहेबांनी विचारलं. बिचारे तमिळ होते.

"बंद," उर्वी म्हणाली. तिचं माहेर सोलापुरातच, पण घर मराठी, वडील कचेरीत कारकून, घरात दुसरी भाषा नाही. ती स्वतः फिजिक्स शिकवणारी. "इंजिन बंद पडलं असं सांगतोय तो."

"न्हाय," गौरम्मा म्हणाली. तिचं माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाचं. मराठी ती बाहेर बोलायची, पण लेकाशी कानडीच. "बंदे म्हंतोय त्यो. आमच्यात हाक मारली की बंदे म्हंत्यात. आलो, असं. माजा म्हयेश आलो म्हंतोय."

साहेबांनी मान हलवली, दोन्ही लिहून घेतलं आणि फोन ठेवला. झालं. त्या एका मात्रेवर घर अडकलं. आलो म्हणालाय म्हणजे त्याला जमीन दिसली असणार. कुठल्या तरी बेटावर असेल, कुठल्या तरी जहाजावर असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. पण आलो म्हणालाय म्हणजे येणार, आणि आला आणि घराला कुलूप दिसलं तर? भंगारवाला त्याच दुपारी आला होता.

लिंगायतांचे गुरू, जंगमस्वामी, येऊन गेले. जवळचे चार नातेवाईक येऊन गेले. देह नसला तरी मागचं काहीतरी करायला हवं, त्याच्या जिवाला शांती मिळेल, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. गौरम्माने सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाली, "त्याच्या गळ्यात इष्टलिंग हाय. ते त्याच्यासंगं हाय. माजा पोरगा जितं आसंल तितं एकटा न्हाय. तुमी चा घ्या." त्यानंतर तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

उर्वीने साहेबांकडून मागून घेतलेला तो आवाज त्या रात्रींमध्ये हेडफोन लावून किती वेळा ऐकला याला गणती नाही. तिच्या कानांना 'बंद'च ऐकू यायचं. इंजिन बंद पडलं, सगळं बंद पडलं. तिला त्याचा राग यायचा. असं कसं बोलला हा, एक अक्षर धड पूर्ण केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सासूशी तिने पुन्हा वाद घातला नाही. म्हातारीच्या हातात उरलेली ती एकच मात्रा, तीही कशी काढून घ्यायची?

मग पाळ्या सुरू झाल्या. उर्वी सकाळी जवळच्या क्लासमध्ये शिकवायला जायची, तेव्हा गौरम्मा घरी. संध्याकाळी गौरम्मा सिद्धेश्वराला जायची, तेव्हा उर्वी घरी. लग्नाला एक जायची, बारशाला दुसरी. शेजारची दानेश्वरी चेष्टेने म्हणायची, "तुमच्यात डूटीच हाय की, मिलच्या भोंग्यावानी." दीड वर्षात दोघी मिळून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंतसुद्धा गेल्या नव्हत्या. उर्वीला आधी ते माया वाटायचं, मग सवय झाली, आणि मग एके दिवशी पोळ्या लाटताना तिच्या लक्षात आलं की आपण घड्याळ बघतोय. सासू देवळातून आली की मग आपण गच्चीवर जाऊ शकतो. गच्चीवर! गच्चीला जायलाही कुणीतरी खाली असावं लागत होतं, कारण वरून बेल ऐकू येत नव्हती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि खिडकीचे गज धरून थोडा वेळ नुसती उभी राहिली. छातीवर कुणी बसलंय असं वाटत होतं. समुद्रात महेश्वर बुडाला, आणि कोरड्या सोलापुरात, जिथे बादलीभर पाण्याची मारामार, तिथे आपण बुडतोय. तिला ते ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोवर सासू देवळातून येऊन शेंगदाणे निवडायला बसली होती.

अशात अकलूजहून फोन आला. तिथल्या एका कॉलेजात तिने शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली होती, तीही फोनवरच, न्हाणीघराचं दार लावून. जागा मिळाली होती. राहायला खोली, मुलींच्या वसतिगृहाशेजारी. संक्रांत झाली की सोमवारी हजर व्हायचं. फोन ठेवल्यावर उर्वीला आनंद झाला, खराखुरा आनंद झाला, आणि लगोलग इतकी लाज वाटली की तिने तोंड धुवायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. कोरड्या हातांनीच तिने तोंड पुसलं.

सांगायचं कसं? तिचे वडील एकनाथराव म्हणाले, "मी बोलतो विहीणबाईंशी. त्यात काय एवढं?" कचेरीत अख्खी नोकरी त्यांनी लोकांना 'उद्या या' हे सांगण्यात काढली होती, तेव्हा नको ते सांगायचा त्यांना सराव होता असं त्यांना वाटत होतं. संक्रांत यायच्या आधीच तिळगूळ घेऊन ते आले, सोफ्यावर बसले, घसा खाकरला.

"विहीणबाई, जरा एक बोलायचं होतं."

"बोला की," गौरम्मा म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे कडक भाकरी, चटणी आणि दही ठेवलं. "आदी खावा. म्हयेश आला की हे सगळं संपतंय बगा, घरात काय उरत न्हाय."

एकनाथरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो इतक्या जोरात मोडला की तिघंही दचकले. मग त्यांनी चटणीची तारीफ केली, थंडीची चौकशी केली, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला यंदा गर्दी किती याची चर्चा केली आणि उठले. दारात उर्वीला हळूच म्हणाले, "बघू, पुढच्या वेळी." बापाने हात टेकले. उर्वीला हसू आलं आणि रडूही.

अक्षतेचा दिवस उजाडला. सोलापूरकराला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी: सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता त्या दिवशी पडतात. उंच उंच नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं रस्ते पांढरे करून टाकतात, आणि गाव घराबाहेर पडतं. गल्लीच्या गल्ली कुलपं लावून मोकळी होते. उर्वी सकाळी खिडकीतून तेच ऐकत होती. खट्. खट्. एकामागून एक कुलूप लागत होतं, किल्ली पर्समध्ये पडत होती, पोरं पळत होती. तिला त्या आवाजाचा एवढा हेवा वाटला की काय सांगावं. माणसाला कुलपाचा हेवा वाटतो हे तिने आधी कधी ऐकलं नव्हतं.

"अव्वा, तुम्ही जा दानेश्वरीबरोबर," ती म्हणाली. "मी आहे घरी."

"गेल्या साली बी मीच गेल्ते. तू जा की."

"नको. तुम्ही जा."

गौरम्मा इरकल नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि दानेश्वरीच्या रिक्षात बसली. गल्ली रिकामी झाली. उर्वी एकटी घरात, आणि घराला चार भिंती. तिने भांडी घासली. टीव्ही लावला, तर टीव्हीवरही तीच गर्दी, ऊन, हलगी, हसणारी माणसं. तिने टीव्ही बंद केला. मग एक क्षण असा आला की तिला श्वास पुरेना. घरात काही झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. फक्त आणखी एक मिनिट या घरात बसलो तर आपण संपलो, असं तिला आतून कळलं. तिने चपला घातल्या, दार ओढलं आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जवळजवळ पळत गेली. शटर अर्धं खाली होतं. दुकानदार अक्षतेला निघण्याच्या घाईत होता.

"कुलूप द्या."

"केवढं?"

"लागेल असं."

त्याने तिच्याकडे जरा चमकून बघितलं, आणि पुठ्ठ्यावर बसवलेलं एक कुलूप काढून दिलं. तीन किल्ल्या एकाच कडीत अडकवलेल्या. परत येऊन तिने ते दाराला लावलं. खट्. केवढा लहानसा आवाज! चोरी केल्यासारखी ती मागे न बघता चालत सुटली.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. रिक्षावाल्याने सात रस्ता चौकात सोडलं, पुढे गर्दीने वाट अडली होती, म्हणून ती पायी स्टँडवर पोचली. फलाटाला अकलूजची गाडी लागलेली होती, जवळपास रिकामी. ती चढली आणि खिडकीशी बसली. ऊन अंगावर आलं. जवळ पिशवी नाही, कपडे नाहीत, फक्त पर्स. तरी दीड वर्षात पहिल्यांदा तिची छाती मोकळी झाली. आपण खरंच निघालो की काय? आणि निघालो तर बिघडलं काय? सोमवारी जायचं ते आज गेलो. फोन करून सांगता येईल. तोंडावर सांगण्यापेक्षा ते सोपं.

कंडक्टर आला. "बाई, कुटं?"

तिच्या मुठीत मघापासून काहीतरी रुतत होतं. तिने मूठ उघडली. तिन्ही किल्ल्या.

"कुलूप," ती म्हणाली.

"अकलूज व्हय? बसा की, सुटंलच आता."

"नाही हो, कुलूप! कुलूप लावून आले मी घराला!"

"मग?" कंडक्टर म्हणाला. "समदेच लावून येत्यात."

त्याला काय समजणार? तिन्ही किल्ल्या हिच्या मुठीत, आणि म्हातारी परत आली तर बाहेर. सुटण्यासाठी जे घेतलं त्यानेच तिला ओढून खाली उतरवलं. ती स्टँडमधून बाहेर आली तेव्हा स्वतःवर इतकी चिडलेली होती की दोन रिक्षा तिने उगीचच नाकारल्या.

गौरम्मा पायरीवर बसली होती. गर्दीत तिला चक्कर आल्यासारखं झालं होतं, म्हणून दानेश्वरीला जत्रेत सोडून ती एकटीच लवकर परतली होती. पदराच्या टोकाला थोड्या अक्षता बांधलेल्या. तिच्या डोक्यावर, कडीत, ते नवं कुलूप लोंबत होतं. पुठ्ठ्याचा एक तुकडा अजून त्याला चिकटलेला होता.

उर्वी फाटकात थबकली. बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत, असं तिला वाटलं. पण गौरम्मा ओरडली नाही. पायरीवर जरा बाजूला सरकली.

"अव्वा, मी..."

"लई येळ झाला न्हाय," गौरम्मा म्हणाली. "बस हितं."

उर्वी बसली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांबून हलग्यांचा आवाज येत होता. आता नाही तर कधीच नाही, असं उर्वीला वाटलं आणि ती एका दमात बोलली.

"अव्वा, मला अकलूजला नोकरी लागलीय. सोमवारी जायचंय. आणि तो येणार नाही. तो 'बंद' म्हणाला होता. इंजिन बंद. मी हजारदा ऐकलंय. तुम्ही दाराला कुलूप लावा नाहीतर लावू नका, तो येणार नाही."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. म्हातारीचा पोरगा आपण दुसऱ्यांदा बुडवला, असं तिला वाटलं.

"न्हाय," गौरम्मा म्हणाली. "बंदेच म्हणाला त्यो."

"अव्वा!"

"ऐक तर. ल्हान हुता तवा ह्येच दारात हुबी ऱ्हाऊन मी हाका मारायची. समोर समदं रिकामं माळरान हुतं तवा, तितं खेळायचा. म्हयेशा, ऊटक्क बा! जेवाय ये! म्हनलं का तितनंच वरडायचा, बंदे, तडी! आलो, थांब! अन् यायचा न्हाय. भाकरी गार व्हायची. ह्येचा बा काठी घिऊन बसायचा. परत हाक मारली की परत बंदे. उन्हं बुडायची, तरी बंदे." ती हसली. "त्याचं बंदे मला ठावं हाय, उर्वी. त्याला यायचं नसलं की त्यो बंदे म्हणायचा. यायचं असलं की तोंडातनं चकार शब्द काडायचा न्हाय, गुमान यिऊन पाठीमागं हुबा ऱ्हायचा. तितं त्या मानसानं एवड्या हाका मारल्या. अन् माजं लेकरू म्हणालं, बंदे. मला त्याच दिशी कळलं. त्याच मिंटाला."

उर्वीने वर लोंबणाऱ्या कुलपाकडे बघितलं. हलग्या वाजत होत्या.

"मग कुलूप?" ती म्हणाली. "दीड वर्ष आपण दोघी... भंगारवाल्याला दिलंत तुम्ही ते. कशासाठी?"

गौरम्माने पदराची गाठ सोडली, अक्षता तळहातावर घेतल्या, पुन्हा बांधल्या.

"कुलूप लागलं की दोगी भाईर पडनार. दोगी भाईर पडल्या की तू तुज्या वाटंला जानार. तरनी पोर तू, किती दिस ऱ्हाशील? सासरा न्हाय, नवरा न्हाय, पोर न्हाय. म्हनून म्हनलं, त्याची वाट बगायची हाय. मी त्याची वाट बगत न्हवते. तुला धरून ठिवलं हुतं मी. त्यो गेला, अन् त्याच्या नावानं तुला कोंडलं. बोल मला काय बोलायचं ते."

उर्वीला राग आला. भयंकर राग आला. गच्ची आठवली, खिडकीचे गज आठवले, न्हाणीघरात दबक्या आवाजात दिलेली मुलाखत आठवली. या बाईचं मन मोडू नये म्हणून आपण दीड वर्ष ओठ शिवून बसलो, आणि हिला सगळं ठाऊक होतं! ती उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. बोलायला तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की गौरम्मा त्या कुलपाखाली अंग चोरून बसली आहे, मार खायला तयार असलेल्या मुलासारखी.

"मी तुमच्यासाठी थांबले होते," उर्वी म्हणाली. "मला वाटायचं, मी गेले तर तुम्ही मराल."

"मला बी वाटायचं," गौरम्मा म्हणाली. "पर आज हितं कुलपाभाईर बसले एवडा येळ. आदी वाटलं, तू गेलीस. वाटलं, संपलं. मग बसून ऱ्हायले. तान लागली. दानेश्वरीच्या भाईरच्या नळाला पानी आलं, ते घटाघटा प्याले. अन् न्हाय मेले."

त्यावर दोघीही हसल्या. हसणं थांबलं तेव्हा लक्षात आलं की त्या रडत होत्या, महेश्वरसाठी, पहिल्यांदा दोघी मिळून. इतके दिवस तो येणार असं धरलेलं, म्हणून रडू आलं तरी एकीला ते दुसरीपासून लपवावं लागायचं. आता तो गेला होता, आणि गेला असं म्हणून रडता येत होतं. मग उर्वीने कुलूप उघडलं. नवं कुलूप, घट्ट होतं, दोनदा किल्ली फिरवावी लागली.

"चला ना माझ्याबरोबर अकलूजला," चहा घेताना ती म्हणाली.

"मी न्हाय येनार. हितं माजं पानी हाय, सिद्धेश्वर हाय. दानेश्वरी हाय भांडाय." कप खाली ठेवून ती म्हणाली, "तू जा. अन् त्या स्वामीला सांगून जा, म्हयेशचं काय करायचं ते ह्या आईतवारी करून घिऊ. तू असताना."

रविवारी ते झालं. सोमवारी सकाळी एकनाथराव रिक्षा घेऊन आले. बॅगा ठेवून झाल्या. दानेश्वरी दारात आली, आणखी दोन-चार बायका आल्या, कारण असल्या वेळी गल्लीला कामं नसतात. उर्वी सासूच्या पाया पडली. गौरम्माने तिच्या हातात भाकरीचा डबा दिला, आणि किल्ल्यांच्या कडीतून एक किल्ली काढून डब्यावर ठेवली.

आता निघताना माणूस 'येते' म्हणतो. जाते असं कुणी म्हणत नाही, मराठीतही नाही, कानडीतही नाही. उर्वीच्या तोंडावर तो शब्द आलाच होता. तिने सासूकडे बघितलं. गौरम्मा श्वास रोखून तिच्या ओठांकडे बघत होती.

उर्वीने ओठ मिटले. एक शब्द बोलली नाही. रिक्षात बसली, किल्ली मुठीत धरली, आणि घर वळणाआड दिसेनासं होईपर्यंत मागे वळून बघत राहिली.

"आगं बया!" दानेश्वरीने गालावर हात मारला. "काय ही सून! सासूला साधं 'येते' म्हनून बी गेली न्हाय! आता काय येतीया ती परत?"

"येतीया," गौरम्मा म्हणाली. "तू तुजी चप्पल घाल. बाजारात जाऊ. मला अर्धा किलो शेंगा आनायच्या हायत्या."

आणि तिने दार ओढलं, पदराच्या टोकाची किल्ली सोडली, आणि कुलूप लावलं.